आधीप्रमाणेच

गणितवाली माणसं घरात भांडत नाहीत, असा लोकांचा एक गैरसमज आहे. भांडतात, आणि चांगली कडाडून भांडतात. फक्त नेमकं कोण काय म्हणालं हे ठरवण्यातच त्यांचा निम्मा दम जातो. मास्तरांच्या घरी हेच चालायचं. मास्तर खरं तर विद्यापीठातले प्राध्यापक. पण उत्तर बरोबर आणि कारण गायब असलं की निम्मे गुण कापायचे, म्हणून विद्यार्थ्यांनी पाठीमागे 'मास्तर' म्हणायला सुरुवात केली आणि हळूहळू ते तोंडावरही आलं. बायको डोळ्यांच्या दवाखान्यात चष्म्याचे नंबर काढायची. मुलगी एकच, खारू. लहानपणी खडूचे तुकडे गोळा करून खिशात दडवायची म्हणून खारू. मोठी झाली, बापाच्याच विभागात पीएच.डी.ला लागली, तरी नाव काही सुटलं नाही, आणि खिशातले खडूही सुटले नाहीत. तिचे कपडे धुताना आईला आधी खिसे झाडावे लागत.

बापाच्या विभागात मुलगी म्हटल्यावर लोकांच्या जिभेला काय हाड असतं? पोरीनं चार ओळी नीट लिहिल्या तर त्या बापाच्या, आणि चुकल्या तर तिच्या. म्हणून मास्तरांनी पहिल्याच आठवड्यात फर्मान काढलं: खारूच्या प्रबंधाबद्दल या घरात चकार शब्द निघायचा नाही. तिचा मार्गदर्शक म्हणून मास्तरांचा जुना मित्र तयार झाला. तो घरी आला की 'काका', विभागात 'सर'. खारू जिन्यात कुठल्या पायरीवर काकांचे सर करायची कोण जाणे, पण कधी चुकली नाही. एकदा जेवताना तिनं टेबलावर सांडलेल्या पाण्यात बोटानं एक वर्तुळ काढलं आणि त्याच्या कडेला एक ठिपका ठेवला. मास्तरांनी फडकं घेऊन ते पुसून टाकलं.

"मी काही बघितलेलं नाही," ते म्हणाले.

"बघितलंत बाबा. तोंड बघा तुमचं, लाळ गळतेय नुसती."

आई हसून हसून बेजार झाली. पण मास्तर शब्दाला पक्के. लोकांनी बोट दाखवू नये एवढ्यासाठी त्यांनी पाच वर्षं स्वतःच्या मुलीचं गणित ऐकलं नाही. याला कुणी तत्त्व म्हणेल, कुणी हट्ट. मला विचाराल तर तो शुद्ध गाढवपणा होता. पण शहाणपणाची एवढी कडक इस्त्री केलेला गाढवपणा आपल्यात फार वाखाणला जातो.

प्रबंध लिहून झाला आणि एका सकाळी ग्रंथालयाच्या जिन्यात खारू खाली बसली ती उठलीच नाही. डोक्यातली एक शीर फुटली होती. डॉक्टर म्हणाले, ती जन्मापासूनच नाजूक असणार, कुणाच्या लक्षात येण्यासारखं काही नव्हतं. असं सांगितलं की माणसाला बरं वाटतं, अशी डॉक्टरांची समजूत असते.

पुढचे महिने कसे गेले ते सांगण्यात अर्थ नाही. ज्यांच्यावर वेळ आली त्यांना माहीत आहे आणि इतरांना सांगून कळत नाही. उन्हाळा संपता संपता काका घरी आले. विद्यापीठाच्या नियमांत एक कलम त्यांनी शोधून काढलं होतं. विद्यार्थी वारला आणि प्रबंध पूर्ण असला, तर तो तपासून पदवी देता येते. अट एवढीच, की प्रबंध जसा आहे तसाच ठेवायचा, त्यात दुसऱ्या कुणी एक अक्षर घालायचं नाही. तोंडी परीक्षेला विद्यार्थ्याच्या जागी मार्गदर्शक उभा राहील आणि बाहेरून एक परीक्षक येतील.

बायको तोवर कोपऱ्यात बसून होती. ती म्हणाली, "करा. काहीही करून करा."

"वहिनी, वेळ लागेल."

"लागू दे. मला तिच्या नावाचा एक कागद हवाय, भाऊजी. ती गेल्यापासून घरात एकच आलाय, आणि तो मृत्यूचा दाखला आहे."

जाताना काकांनी प्रबंधाची एक प्रत मास्तरांच्या हातात दिली. आता नियम पाळायचा तरी कुणासाठी? मास्तरांनी त्याच संध्याकाळी वाचायला घेतलं.

काय होतं त्यात? घाबरू नका, थोडक्यात सांगतो. एक गोल चकती समजा. तिच्या प्रत्येक बिंदूला एकेक संख्या देणारा नियम म्हणजे फलन. चकतीवर राहणारी अतिशय गुळगुळीत फलनं, म्हणजे ज्यांना कुठे खाच नाही, उसवण नाही, अशी. अशी सगळी फलनं एका घरात गोळा करायची आणि प्रत्येकाला एक माप द्यायचं; त्याला नॉर्म म्हणतात. दोन फलनांमधलं अंतर मोजायचं ते याच मापानं. खारूच्या घरांत हे माप घेताना चकतीच्या मधल्या भागाला जास्त वजन आणि कडेला कमी. आता या घरात एक यंत्र आहे, संकारक म्हणतात त्याला. एक फलन घातलं की ते ठरलेल्या रीतीनं गुणून एक पायरी पुढे सरकवतं. प्रश्न असा: एकच फलन घ्या, ते पुन्हापुन्हा पुढे सरकवा आणि जे जे मिळेल ते एकमेकांत मिसळत राहा. असं करत तुम्हाला घरातल्या प्रत्येक फलनाच्या हवं तितकं जवळ जाता येईल का? जाता येत असेल तर ते पहिलं फलन भाग्यवान. एकट्याच्या जोरावर त्यानं सगळं घर भरून काढलं.

मास्तरांनी याच विषयात केस पिकवले होते. पण खारूचं लिखाण वाचताना ते नव्या माणसासारखे वाचत गेले. ती कुठे घाई करते, कुठे उगाच खोडकर उदाहरण घालते, कुठे दमून एक परिच्छेद आखूड करते, सगळं कळत होतं. दुसऱ्या प्रकरणात तिनं एक अवघड वळण असं काही झटक्यात घेतलं होतं की मास्तर एकटेच "वा!" म्हणाले. बायको आतून धावत आली. दोघं एकमेकांकडे बघत राहिली. त्या घरात कितीतरी दिवसांत कुणी कशाला वा म्हटलं नव्हतं.

तिसरं प्रकरण म्हणजे प्रबंधाचा जीव. दुसऱ्या प्रकरणातली घरं अशी होती की कडेकडे वजन भराभर उतरत जातं. तिसऱ्यात ते हळूहळू उतरतं. खारूनं म्हटलं होतं, इथेही तेच खरं आहे: चकतीच्या आत कुठेही शून्य न होणारं, तिनं सांगितलेल्या जातीचं फलन सगळं घर भरून काढतं. सिद्धता चार पानांची. मिसळून तयार केलेली फलनं चकतीतल्या प्रत्येक बिंदूवर हवी तिथे पोचतात हे तिनं नीट दाखवलं होतं. पण बिंदूबिंदूवर पोचणं म्हणजे मापानं पोचणं नव्हे. त्याला आणखी एक गोष्ट लागते, त्या फलनांची मापं आवाक्यात राहायला हवीत. तिथे तिनं लिहिलं होतं: आधीप्रमाणेच.

एवढा एकच शब्द. आधीप्रमाणेच, म्हणजे दुसऱ्या प्रकरणात केलं तसंच इथेही करा. मास्तरांनी करून बघितलं. झालं नाही. पुन्हा केलं. मग दुसऱ्या वाटेनं, तिसऱ्या वाटेनं. त्यांना वाटलं आपलंच डोकं चालत नाही, दुःखानं गंजलंय. विभागात जाताना, भाजी आणताना, दाढी करताना ते त्या एका शब्दाखालचा खड्डा भरत राहिले. खरं सांगायचं तर त्या दिवसांत ते सुखी होते. पोरीनं काहीतरी अर्धवट सोडलंय आणि ते पुरं करून द्यायचंय, शाळेत असताना तिच्या वह्यांना कव्हरं घालायचे तसं.

मग एका दुपारी विभागातल्या आपल्या खोलीत, फळ्यासमोर उभे असताना, त्यांना दिसलं. खड्डा भरत नव्हता कारण तळच नव्हता. त्यांनी एक फलन लिहिलं, चकतीच्या आत कुठेही शून्य न होणारं, अगदी खारूच्या अटीत बसणारं, पण कडेवरच्या एका बिंदूकडे जाताना भयानक वेगानं विझत जाणारं. वजन भराभर उतरत असेल तर हे विझणं खपून जातं. हळू उतरत असेल तर नाही. आत सगळीकडे जवळीक वाढत जाते आणि कडेला माप फुगत फुगत हाताबाहेर जातं. प्रमेय खोटं होतं.

मास्तर तडक काकांच्या खोलीत गेले. काका चष्मा पुसत होते.

"तिसरं प्रकरण," मास्तर म्हणाले.

"हं."

"मापं आवाक्यात राहत नाहीत."

काकांनी चष्मा घातला. "माहीत आहे मला."

"कधीपासून?"

"ती गेल्यावर नीट वाचलं तेव्हापासून. ती असताना माझ्याही नजरेतून सुटलं रे. फळ्यावर करून दाखवायची ती, इतकं छान दाखवायची की मी मान डोलवत बसायचो."

"आणि तरीही तू ते परीक्षेला पाठवलंस?"

"मग काय करू? मेलेल्या पोरीची चूक काढत बसू?" काकांचा आवाज चढला आणि लगेच खाली आला. "तुला तरी बघवेल का? बाहेरच्या परीक्षक बाईंनीही बघितलं असणार. कुणी काही विचारणार नाही. कुणाचं काय जातंय? एक कागद वहिनींना मिळेल."

तिसरं प्रकरण काढून टाकलं तर? मास्तरांनी विचारून बघितलं. पण एक अक्षरही हलवायचं नाही हा नियम, आणि नुसत्या दुसऱ्या प्रकरणावर पदवी मिळत नाही हे दोघांनाही ठाऊक होतं. काका म्हणाले, "तू फक्त मूग गिळून बस. जन्मात एकदा."

मास्तरांना खोटं पचत नसे, आणि बायकोपुढे तर त्यांचा चेहराच बोलायचा. संध्याकाळी त्यांनी तिला सांगून टाकलं. ती शांतपणे ऐकत होती. गणिताची सगळी खटपट वगळून त्यांनी एवढंच सांगितलं, की आत प्रत्येक ठिकाणी ठीक आहे, पण कडेला बिघडतं, आणि आतून बघणाऱ्याला ते कळत नाही.

"म्हणजे काचबिंदू," ती म्हणाली.

"काय?"

"काचबिंदूचा पेशंट येतो ना, तक्त्यावरची सगळी अक्षरं धडाधड वाचतो. आपल्याला वाटतं नजर उत्तम. आणि जाताना दाराच्या चौकटीवर आपटतो. मधलं सगळं शाबूत असतं, कडा गेलेल्या असतात."

"अगदी तेच."

"कळलं मला. आता गप्प बसायचं."

"अगं, पण खोटं आहे ते."

"असू दे. तुमच्या त्या चकतीच्या कडेला काय होतंय त्यानं कुणाचा जीव जात नाही. कुणी पूल बांधणार नाहीये त्यावर. मी आजवर तुमच्याकडे काही मागितलंय?"

मागितलं नव्हतं. मास्तरांनी वचन दिलं.

परीक्षेचा दिवस उजाडला. त्या विभागाची तोंडी परीक्षा म्हणजे पोरांची झोप उडवणारा प्रकार. एका स्वल्पविरामावरून उमेदवाराला घाम फोडलेला लोकांनी पाहिला होता. प्रश्न विचारणं हीच तिथली माया होती. ज्याला कुणी काही विचारलं नाही, त्याचं काम कुणी मनावर घेतलं नाही असं समजायचं. आज खोली भरलेली होती. मागच्या ओळीत मास्तर, शेजारी बायको, दवाखान्यात कामाला जातानाची साधी साडी नेसून आणि केस नीट विंचरून आलेली.

काकांनी फळ्यावर सगळं मांडलं. तिसऱ्या प्रकरणाशी आल्यावर "आधीप्रमाणेच" म्हणून ते पुढे गेले. परीक्षक बाई वयस्कर होत्या, चांगल्या होत्या. त्या उठून म्हणाल्या, "काम सुंदर आहे. एक-दोन ठिकाणी मला बोलता आलं असतं, पण चुका काढण्याचा हा प्रसंग नव्हे." सगळ्यांनी माना हलवल्या. विभागप्रमुखांनी प्रथेप्रमाणे विचारलं, "कुणाला काही प्रश्न?"

कुणालाच प्रश्न नव्हता. पहिल्या ओळीत एक गृहस्थ बसायचे, ज्यांना विद्यार्थी 'शंकासुर' म्हणत. खारूच त्यांची नक्कल झकास करायची. त्यांनीसुद्धा वही मिटली आणि रुमालानं नाक पुसलं.

मास्तरांनी त्या मिटलेल्या वहीकडे पाहिलं. त्यांना वाटलं होतं आपण पोरीच्या परीक्षेला आलोय. ही परीक्षा नव्हती, शोकसभा होती. या सगळ्या भल्या माणसांनी आपसांत ठरवून टाकलं होतं की ती मेली. म्हणून तर कुणी भांडत नव्हतं, कुणी अडवत नव्हतं. तिसऱ्या प्रकरणातला खड्डा भरत असताना त्यांच्या मनातली खारू अजून हातात खडू घेऊन उभी होती, आणि आज इथे तिला सगळे मिळून माफ करत होते.

त्यांचा हात वर गेला. बायकोनं तो धरायला बघितलं, पण उशीर झाला होता.

"तिसऱ्या प्रकरणात," मास्तर उभं राहून म्हणाले, "मापं आवाक्यात राहतात, आधीप्रमाणेच, असं लिहिलंय. ती का राहतात?"

काका काही बोलणार तेवढ्यात मास्तर म्हणाले, "तू नको सांगूस. मी तिला विचारलंय."

आणि ते थांबले. खरोखर थांबले. तोंडी परीक्षेत विद्यार्थ्याला विचार करायला वेळ देतात तसे, मान किंचित तिरकी करून, फळ्याजवळच्या मोकळ्या जागेकडे बघत. माणसं जमिनीकडे बघू लागली. मास्तर वाट बघत राहिले, आणि त्या जागेतून कुणी बोललं नाही, काहीच बोललं नाही. मग ते खाली बसले.

पुढचं सगळं रीतसर झालं. परीक्षक बाई डोळे टिपत म्हणाल्या, प्रश्न रास्त आहे, आणि आता तो विचारला गेला आहे. विभागप्रमुखांनी काकांकडे पाहिलं. काकांनी खडू खाली ठेवला आणि कबूल केलं की उत्तर नाही. प्रबंधात बदल करता येत नाही, आणि तो करू शकणारी व्यक्ती हयात नाही, म्हणून प्रबंध स्वीकारता येत नाही, असा शेरा लिहिला गेला. माणसं दबक्या पावलांनी बाहेर पडली. शंकासुरांनी जाताना मास्तरांच्या खांद्यावर हात ठेवला.

बायको आधीच निघून गेली होती. मास्तरांनी तिला रस्त्याच्या वळणावर गाठलं. दुपारचं ऊन होतं, दुकानदार फुटपाथवर पाणी मारत होता, शाळा सुटलेली पोरं आरडाओरडा करत चालली होती. ती बसथांब्याच्या बाकावर टेकली. मास्तर शेजारी बसले. ती बोलली तेव्हा आवाजात राग नव्हता, हेच वाईट होतं.

"वचन दिलं होतं तुम्ही."

"हो."

"तुम्ही आज तिला नापास केलंत."

"हो," मास्तर म्हणाले. त्यांना समजावून सांगायचं होतं. "अगं, ते सगळे तिला सोडून देत होते. मेलेल्या माणसाला सोडून देतात तसं. तिला कुणीतरी विचारायला हवं होतं. जिवंत विद्यार्थ्याला आपण विचारतो, तो चुकतो, नापास होतो, पुन्हा..."

"पुन्हा काय?"

मास्तर रस्त्यावर बस दिसते का बघू लागले.

"सांगा ना. नापास झालेलं पोर पुन्हा अभ्यासाला बसतं. बसेल ती उद्यापासून?"

बस आली, दार उघडलं, चालकानं दोघांकडे पाहिलं आणि वाट बघून दार लावून घेतलं. बस गेल्यावर रस्ता थोडा वेळ मोकळा झाला. बायको त्यांच्या तोंडाकडे बघत होती. तिला उत्तर हवं होतं, आणि या प्रश्नाचं उत्तर तर त्यांना येत होतं. इतक्या महिन्यांत त्यांनी ते एकदाही मोठ्यानं म्हटलं नव्हतं.

"नाही," मास्तर म्हणाले.

मग बायकोनं त्यांचा हात धरला आणि दोघं तिथेच, भर रस्त्यात, लोकांची पर्वा न करता रडत बसली.